भिशीचे दीड लाख: चामडं भरायचं की वेबसाइट करायची?

कोल्हापुरातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा सारांश असा.

घरात तीन पिढ्या कोल्हापुरी चपलांचं काम चालतं. सासरे आणि नवरा तळ कापतात, शिवतात. सासूबाई आणि ताई वेण्या घालतात. फोनवरच्या ऑर्डरी आणि हिशोबाची वही ताईंकडे. महिन्याला साधारण 120 जोड तयार होतात. त्यातले 90 व्यापारी नेतात, सरासरी 650 रुपयांना. उरलेले 30 ओळखीतून आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून थेट जातात, 1,400 रुपयांना. 2025च्या जूनमध्ये मिलानला प्राडाच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला श्रेय न देता दाखवल्या गेल्या आणि मोठा गदारोळ झाला. तेव्हापासून जो तो ‘ऑनलाइन या’ म्हणतो आहे. पुण्याच्या एका कंपनीनं 1 लाख 25 हजार अधिक जीएसटी असं कोटेशन दिलं आहे. ओळखीतला एक मुलगा 18 हजारांत करून देतो म्हणतो. दीर म्हणतो, शॉपिफायवर महिन्याच्या भाड्याचं तयार दुकान घ्या. भिशीचे दीड लाख नुकतेच हातात आलेत, पण ते दिवाळीआधी चामडं भरण्यासाठी ठेवले होते. सासरे म्हणतात, फोटो टाकले की डिझाइन चोरीला जातं. ताई विचारतात, “वेबसाइट नसेल तर आम्ही मागे पडू का? आणि करायची तर किती पैसे घालावेत?”

ताई,

तुमच्या पत्रात तीन कोटेशनं आहेत, पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला तो 120चा आकडा. घरातल्या चार माणसांचे हात महिन्याला एवढेच जोड काढू शकतात. वेबसाइट झाली म्हणून हा आकडा 200वर जाणार नाही. उद्या साइटवरून 300 ऑर्डरी आल्या तर तुम्ही काय कराल? बाहेरून माल उचलून आपल्या नावानं पाठवाल, किंवा लोकांना दोन-दोन महिने ताटकळत ठेवाल. दोन्हींत तीन पिढ्यांचं नाव जातं.

‘वेबसाइट म्हणजे जास्त गिऱ्हाईक’ हे तुम्ही मनाशी पक्कं धरून चालला आहात, तिथंच थोडं थांबूया. तुम्हाला गिऱ्हाईक कमी नाही. जे 90 जोड 650ला जातात, त्यातले काही 1,400ला जावेत ही तुमची खरी गरज आहे. साइटकडून एवढं एकच काम करून घ्यायचं असं ठरवलं, की किती खर्च करायचा हे वहीवरच सुटतं.

ते गणित मांडून बघते. व्यापाऱ्याचा दर आणि थेट विक्रीचा दर यांत फरक 750 रुपयांचा. त्यातून कुरिअरचे 115 धरा. खोका आणि पिशवीचे 40. पेमेंट गेटवेची, म्हणजे ऑनलाइन पैसे गोळा करून देणाऱ्या कंपनीची, फी साधारण 2 टक्के आणि त्या फीवर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 1,400वर 33 रुपये. पाच-सहा जोडांमागे एक जोड माप चुकल्यानं परत येणार, त्याचा वाटा 40. जीएसटी नोंदणी घ्यावी लागली तर 2,500 रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर सध्या 5 टक्के कर आहे, म्हणजे 1,400मधले 67 रुपये सरकारचे. सगळं वजा जाता जोडामागे साडेचारशेच्या आसपास जास्तीचे सुटतात. महिन्याला 20 जोड व्यापाऱ्याकडून काढून थेट विकता आले, तर 9,000 रुपये.

आता हे 9,000 कोटेशनांच्या शेजारी ठेवा. पुण्याच्या कंपनीचे 1 लाख 25 हजार, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 1 लाख 47 हजार 500. अख्खी भिशी गेली. ती भरून यायला सोळा महिन्यांच्या वर लागतील, तेही पहिल्या महिन्यापासून 20 जोड गेले तर, आणि तसे ते जात नाहीत. 18 हजार दोन महिन्यांत वसूल होतात. पुण्याची कंपनी लुबाडते आहे असं मी म्हणत नाही. त्यांनी कोटेशनमध्ये अ‍ॅप, स्वतंत्र अ‍ॅडमिन पॅनल आणि हजार वस्तूंचं दुकान धरलंय असं तुम्हीच लिहिलंय. तुमच्या वस्तू बारा-पंधरा प्रकारांच्या पलीकडे नाहीत. तेवढ्यासाठी अ‍ॅप कशाला?

त्याच कोटेशनमध्ये ‘गुगलवर पहिला नंबर, हमी’ असंही आहे. अशी हमी कोणीच देऊ शकत नाही आणि गुगल स्वतःच तसं सांगतं. ही ओळ दिसली की त्या कोटेशनमधली बाकीची वाक्यं दोनदा वाचा.

दिराचा सल्ला चुकीचा नाही, पण आत्ताच नको. शॉपिफायसारख्या तयार दुकानात सुरक्षा, अपडेट, कार्ट (वस्तू निवडून तिथंच पैसे भरायची सोय) हे सगळं ते सांभाळतात, डोक्याला ताप नाही. पण भाडं महिन्याला दीड-दोन हजारांच्या घरात, ऑर्डर येवो न येवो. गेटवेची फी वर, आणि विक्रीवर त्यांची स्वतःची फीही लागू शकते. भाडं थांबलं की दुकान बंद. त्या दुकानातून महिन्याला पाच जोड जात असतील तर हे भाडं जोडामागे 300-400 रुपयांवर जातं. तीस जोड जायला लागले की तेच पन्नास-साठ. तुम्ही अजून पहिल्या टप्प्यावर आहात.

म्हणून माझं मत 18 हजारवाल्या मुलाच्या बाजूनं आहे, पण अटी घालून. वर्डप्रेसवर पाच-सहा पानांची साधी साइट करून घ्या. वर्डप्रेस हे साइट बनवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यामुळे तुम्ही पैसे देता ते त्याच्या कामाचे. कार्ट नको. प्रत्येक चपलेखाली ‘व्हॉट्सअ‍ॅपवर विचारा’ एवढं बटण पुरे. गिऱ्हाईकाशी बोलून माप पक्कं करायचं, मग पेमेंट लिंक किंवा यूपीआय. आज तुम्ही हेच करताय; फरक इतकाच की दरवेळी चाळीस फोटो फॉरवर्ड करावे लागणार नाहीत. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमधला कॅटलॉग फुकट आहे, तोही भरून ठेवा. आणि साइटच्याही आधी गुगल मॅपवर आपल्या दुकानाचं प्रोफाइल उघडा, तेही फुकट आहे. अंबाबाईचं दर्शन घेऊन महाद्वार रोडवर उभा असलेला मुंबईचा माणूस फोनवर ‘कोल्हापुरी चप्पल’ असंच शोधतो. तिथं तुम्ही दिसला नाहीत तर लाखाची साइटही त्याच्या कामाची नाही.

आता अटी. यातली पहिली एवढी महत्त्वाची आहे की बाकी सगळं विसरलात तरी चालेल: डोमेन, म्हणजे साइटचं नाव, तुमच्या नावावर घ्या. तुमचा ईमेल, तुमचा मोबाइल, तुमच्या खात्यातून पैसे, पावती तुमच्या नावाची. मुलगा म्हणेल, “काकू, माझ्या अकाउंटवरून घेतो, स्वस्त पडतं.” त्याच्या मनात काही वाईट नसेलही. पण दोन वर्षांनी तो बंगळूरला नोकरीला जातो, फोन उचलत नाही, नूतनीकरणाची तारीख उलटते, आणि पिशव्यांवर, खोक्यांवर छापलेलं तुमचं नाव दुसऱ्या कोणाचं होतं. हे अनेक छोट्या दुकानदारांच्या बाबतीत घडलं आहे. दुकानाचा भाडेकरार आपण नोकराच्या नावानं करत नाही, तसंच हे. डोमेन घ्यायला मोबाइलवर अर्धा तास लागतो. मुलाला शेजारी बसवून स्वतः घ्या आणि पासवर्ड हिशोबाच्या वहीत लिहून ठेवा. होस्टिंगचं, म्हणजे साइट ठेवायच्या भाड्याच्या जागेचं, तेही तसंच.

डोमेनला वर्षाला हजार-पंधराशेपर्यंत जातात, साध्या होस्टिंगला तीन ते सहा हजार. जाहिरातीत पहिल्या वर्षाचा दर मोठ्या अक्षरात असतो. नूतनीकरणाचा दर शोधून काढा, कारण खरा खर्च तोच. साइटचा पत्ता ‘https’नं सुरू होतो तो ज्या सुरक्षेच्या दाखल्यामुळे, त्याला एसएसएल म्हणतात. ते बहुतेक होस्टिंगबरोबर फुकट मिळतं, त्याचे वेगळे पाच हजार कोणी मागितले तर देऊ नका. ‘लाइफटाइम फ्री होस्टिंग’ म्हणणाऱ्याला विचारा, कोणाच्या लाइफटाइमपर्यंत?

बाकीचं एका कागदावर लिहून घ्या. पानं किती, चपला किती चढवून देणार, बदल किती वेळा फुकट, नवीन चप्पल चढवायला तुम्हाला शिकवणार की दरवेळी पैसे घेणार, वर्षभर देखभाल कोणाची, बॅकअप कुठे. पैसे तीन हप्त्यांत द्या: सुरू करताना थोडे, साइट दिसायला लागली की थोडे, आणि शेवटचा हप्ता तुम्ही स्वतः एक चप्पल चढवून आणि एक काढून दाखवल्यावर. हा शेवटचा हप्ता राखून ठेवण्यात संकोच करू नका. ओळखीतला मुलगा आहे म्हणून कागद करायला लाज वाटेल, पण कागद असला की ओळखही टिकते.

आता तुमच्या धंद्यातली खरी अडचण, जी एकाही कोटेशनमध्ये नाही: माप. ऑनलाइन चपलांच्या धंद्यात पैसे गळतात ते इथूनच. गिऱ्हाईक बुटाचा नंबर सांगतं. कोल्हापुरीचा अंगठा पहिल्या दिवशी घट्ट बसतो, आठवड्याभरात चामडं पायाप्रमाणे सैल होतं. दुकानात हे सासरे गिऱ्हाईकाला तोंडानं सांगतात. साइटवर सांगायला कोणी नाही. म्हणून त्या मुलाकडून सगळ्यात आधी मापाचं पान करून घ्या. कागद भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवायचा, टाच भिंतीला लावून उभं राहायचं, सगळ्यात लांब बोटापुढे खूण करायची, सेंटिमीटरमध्ये मोजायचं. मग पंज्याची रुंदी. दोन्ही पायांचं, कारण बऱ्याच लोकांचे दोन पाय सारखे नसतात. चार फोटोंत हे दाखवता येतं आणि ते फोटो सासूबाईंच्या पायांचे असले तरी उत्तम. खाली सासऱ्यांच्या शब्दांत लिहा: पहिले काही दिवस थोडं थोडं घाला, पावसात घालू नका, भिजली तर उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नका, सावलीत वाळवा. हे पान नीट झालं तर परत येणारे जोड कमी होतील, आणि जोड परत येणं म्हणजे दोन्ही बाजूंचं कुरिअर तुमच्या खिशातून.

कुरिअरचं आणखी एक. बहुतेक कुरिअरवाले वजनाबरोबर आकारमानही मोजतात: लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले 5,000. बाजारात मिळणारा बुटाचा खोका 32 बाय 22 बाय 10चा घेतलात तर हिशोब 1.4 किलोचा लागतो, आत चप्पल एक किलोचीही नसली तरी. कोल्हापुरी सपाट असते, एकावर एक उलटसुलट ठेवून 30 बाय 13 बाय 9च्या खोक्यात मावत असेल तर तोच हिशोब 0.7 किलोवर येतो. खोके करून घेण्याआधी एक जोड पुठ्ठ्यात बांधून बघा.

कॅश ऑन डिलिव्हरी सध्या ठेवू नका. दारात नाकारलेला जोड येण्याजाण्याचं भाडं खाऊन परत येतो, आणि हातानं मापाप्रमाणे शिवलेला जोड दुसऱ्याला लगेच जाईलच असं नाही. निम्मे पैसे आधी, निम्मे पाठवण्यापूर्वी, आणि पाठवण्याआधी तयार जोडाचा फोटो. 1,400 देणाऱ्याला हे मान्य असतं.

जीएसटीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण साइट झाली की हा प्रश्न लगेच येईल. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला वर्षाला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नाही. परराज्यात करपात्र माल पाठवला की मात्र उलाढाल कितीही असो, नोंदणी लागते. आपल्याला निपाणी म्हणजे हाकेच्या अंतरावर, पण हिशोबात ते कर्नाटक. गोवाही तसाच. हस्तकलेच्या काही वस्तूंना या सक्तीतून सवलत आहे. तुमच्या चपला त्यात बसतात का, हे सी.ए.ला बिलाचा नमुना दाखवून विचारा, आणि साइट सुरू होण्याआधी विचारा. नोंदणी घेतली तर व्यापाऱ्याला दिलेल्या मालावरही बिल करावं लागेल, हे घरात आधीच बोलून घ्या. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारदरबारी नोंद, केली नसेल तर सरकारी पोर्टलवर ती फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका.

साइटवर तुमचं नाव, पत्ता, फोन, तक्रार कोणाकडे करायची आणि माल परत घेण्याचे नियम स्पष्ट लिहा. 2020चे ई-कॉमर्सचे ग्राहक संरक्षण नियम ते मागतात, आणि पेमेंट गेटवेवालेही ही पानं बघितल्याशिवाय खातं चालू करायला तयार नसतात.

सासऱ्यांची भीती मी हलक्यानं घेणार नाही. डिझाइन चोरीला जातं हे खरं आहे. पण तुमच्या चपलांचे फोटो व्यापाऱ्यांच्या फोनवरून आधीच फिरत आहेत, आणि त्यांवर तुमचं नाव नाही. रेक्झिनची, यंत्रावर ठोकलेली चप्पल ‘अस्सल कोल्हापुरी’ म्हणून ऑनलाइन बाजारात 400 रुपयांना मिळते. त्या गर्दीत किमतीवर लढायला जाल तर हराल, म्हणून मोठ्या ऑनलाइन बाजारांत उतरण्याची मला तुमच्यासाठी घाई वाटत नाही. स्वतःच्या साइटवर तुम्ही दाखवू शकता ते तिथं दाखवता येत नाही: तळाचे थर, हातशिलाईचा टाका जवळून, वेणी घालणारे हात, आणि ‘ही चप्पल कोणी केली’ हे. कोल्हापुरी चपलेला 2019मध्ये जीआय, म्हणजे ठरावीक भागातल्याच मालाला ते नाव वापरू देणारं भौगोलिक मानांकन, मिळालं. त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे येतात, आणि आपल्याकडून ते संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळाच्या नावावर आहे. पण जिल्ह्यात राहतो म्हणून जीआयचं चिन्ह लावता येत नाही, त्यासाठी ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंद करावी लागते. ती केली नसेल तर सासऱ्यांच्या नावानं अर्ज करा. तो दाखला साइटवर लागला की 1,400 रुपये का, याचं उत्तर गिऱ्हाईकाला आपोआप मिळतं. नवीन काढलेली डिझाइनं मात्र सासऱ्यांना विचारल्याशिवाय टाकू नका. कापशी हा कोल्हापुरीचा जुना, सगळ्यांना माहीत असलेला प्रकार पुरेसा आहे.

तुमच्यासारखी पत्रं इतर धंद्यांतूनही येतात म्हणून थोडं त्यांच्यासाठी. शिवाजी उद्यमनगरात किंवा शिरोलीत जॉबवर्क करणाऱ्याला साइटवर विक्री करायचीच नसते. पुण्याचा खरेदी अधिकारी ऑर्डर देण्याआधी फक्त बघतो की कोणती यंत्रं आहेत, किती मापापर्यंतचं काम होतं, तपासणी कशानं करता. एक नेटकं पान आणि यंत्रांचे खरे फोटो पुरे. हुपरीच्या चांदीवाल्यांनी साइटवर छापील किंमत टाकू नये, चांदीचा दर रोज हलतो. वजन आणि मजुरी लिहावी. मसाला, गूळ विकणाऱ्यांनी साइटवर पैसे घालण्याआधी अन्न परवान्याचा नंबर घ्यावा. प्रत्येकानं आधी हेच ठरवायचं आहे की साइटनं नेमकं कोणतं काम करायचं.

तर भिशीचं असं करा. मुलाला 18 हजार. डोमेन आणि होस्टिंगला 7 हजार. फोटोंसाठी 5 हजार, किंवा दुपारी सावलीत, पांढऱ्या चादरीवर चांगल्या मोबाइलनं स्वतः काढलेत तर तेही वाचतील. खोके आणि सी.ए.ची फी मिळून 8 हजार. एकूण 38 हजार, आणि 40च्या वर जायचं नाही असं आजच वहीत लिहा. उरलेल्या 1 लाख 12 हजारांचं चामडं भरा. दिवाळीत आणि पुढे लग्नसराईत घरात माल नसला, तर साइट कितीही देखणी असली तरी विकणार काय?

काम पावसाळ्यात उरका. जून ते सप्टेंबर चपलेचा उठाव कमी असतो आणि चामडं वाळत नाही, तेव्हा मापाचं पान लिहायला घरात सगळ्यांना वेळ असेल. नवरात्राच्या आधी साइट चालू झाली पाहिजे. त्या दिवसापासून वहीत एक जादा रकाना आखा: प्रत्येक थेट ऑर्डर कुठून आली, साइट, गुगल मॅप, व्हॉट्सअ‍ॅप की जुनी ओळख. फोनवर बोलता बोलता विचारायचं आणि लिहायचं. मार्चअखेर तो रकाना मोजा. साइट आणि मॅपवरून महिन्याला 25-30 जोड सलग तीन महिने जात असतील आणि रात्री अकरापर्यंत व्हॉट्सअ‍ॅपला उत्तरं देऊन तुमचे डोळे दुखत असतील, तर दिराला बोलावून शॉपिफायचं काढा. डोमेन तुमच्याच नावावर असल्यानं तेच नाव तिकडं नेता येईल. आणि आकडा पाच-सातच राहिला, तर नवीन साइट करू नका. आधी फोटो आणि मापाचं पान बदलून बघा.